अंदाजातले ‘कमी-जास्त’ही सांगा

लग्नाच्या पंगतीचा अंदाज घेताना कसलेला आचारी ‘पाचशे पाने’ एवढे ऐकून थांबत नाही. ‘कमी-जास्त किती?’ असे तो विचारतोच. शिधा किती भरायचा आणि हाताशी किती राखून ठेवायचा, हे त्या कमी-जास्तावरच ठरते. साथीच्या रोगाचा अंदाज ऐकताना मात्र हा साधा प्रश्न विसरला जातो. रुग्ण किती, खाटा किती, मृत्यू किती, या सगळ्याला एकच ठाम आकडा हवा असतो.

असाच एक आकडा १६ मार्च २०२० रोजी जगभर पोहोचला. काहीच उपाय केले नाहीत तर करोनाने ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत सुमारे २२ लाख मृत्यू होतील, असे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या अहवालात म्हटले होते. आठवडाभरात ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. या आकड्यांमागे ‘कोविडसिम’ नावाचे संगणकीय मॉडेल होते. ते आतून कसे चालते हे बाहेरच्यांना पाहता येत नाही, अशी टीका झाली. एप्रिलअखेर त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि तिथून त्याची खरी तपासणी सुरू झाली.

एक बाधित व्यक्ती सरासरी २.४ जणांना लागण करते, असे त्या अहवालात मुख्यतः गृहीत धरले होते, आणि २ ते २.६ या दरम्यानचे आकडेही तपासले होते. हा फरक किरकोळ वाटतो. पण कागदावर मांडून पाहिले तर संसर्गाच्या दहाव्या फेरीत २ च्या हिशेबाने १,०२४ नवे रुग्ण होतात, तर २.६ च्या हिशेबाने १४ हजारांहून अधिक. सुरुवातीची लहानशी चूक चक्रवाढ व्याजासारखी फुगते. प्रत्यक्षात प्रतिकारशक्ती, निर्बंध, लोकांचे वागणे यांमुळे गणित इतके सरळ राहत नाही, पण धोका तोच असतो.

ही फुगवटी मोजण्यासाठीच ‘अनिश्चितता-मापना’ची सॉफ्टवेअर असतात. त्यातले ‘ईझीव्हीव्हीयूक्यू’ हे ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही ते फुकट घ्यावे, उघडून पाहावे, सुधारावे. त्याची रीत समजायला अवघड नाही. मॉडेलला एकच आकडा देण्याऐवजी ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ अशी मर्यादा द्यायची, त्यातले वेगवेगळे आकडे घेऊन मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचे आणि उत्तरे किती पसरतात ते पाहायचे. कोणत्या आकड्याने उत्तर सर्वाधिक हलते, हेही त्यातून कळते.

युरोपातील संशोधकांनी कोविडसिमवर हाच प्रयोग केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या मॉडेलमध्ये ९४० घटक होते, पण उत्तर मुख्यतः हलत होते ते १९ घटकांमुळे. त्यातही तिघांचा वाटा मोठा होता: लागण झाल्यापासून ती दुसऱ्याला देण्याजोगी होईपर्यंतचा काळ, रुग्णाला वेगळे ठेवण्यास होणारा उशीर आणि सामाजिक अंतराचा प्रत्यक्ष परिणाम. मूळ माहितीतली अनिश्चितता उत्तरात ३०० टक्क्यांपर्यंत वाढत होती. याचा अर्थ मॉडेल टाकाऊ होते असा नाही. कोणती माहिती आधी नेमकी मिळवायला हवी, हे या तपासणीने दाखवून दिले. आज्ञावली बंद कपाटात असती तर हे कळले नसते.

अर्थात, सॉफ्टवेअर म्हणजे रामबाण नव्हे. मॉडेलचा पायाच चुकला असेल, विषाणूचा नवा प्रकार येईल हे त्यात धरलेच नसेल, तर हजार वेळा चालवूनही उत्तर सुधारत नाही. मॉडेलची रचना स्वतंत्रपणे तपासावी लागते, असा इशारा त्याच संशोधकांनी दिला आहे.

भारताला याची किंमत ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, खबरदारी पाळली गेल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येऊ शकेल, असे म्हटले. लोकांच्या ध्यानात ‘फेब्रुवारी’ राहिला, ‘पाळली गेल्यास’ विरून गेले. त्याच फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण वाढू लागले. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात एकेका दिवशी ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि ऑक्सिजनसाठी नातेवाईकांची वणवण झाली.

असे कमी-जास्त सांगितले तर लोक गोंधळतील, प्रशासनाला निर्णय घेता येणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो पटणारा नाही. हवामान विभाग एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देताना ‘५ टक्के कमी-अधिक’ अशी त्रुटी सोबत सांगतो. शेतकरी तो ऐकून गोंधळत नाही, पेरणीचा विचार त्याप्रमाणे करतो. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखालाही ‘४०० खाटा लागतील’ यापेक्षा ‘बहुधा ३०० ते ५००, पण ७०० लागण्याची शक्यता दहात एक’ हे उत्तर जास्त कामाचे असते. पाचशेची तयारी आज करता येते आणि सातशेची वेळ आली तर ऑक्सिजन कोठून आणायचा, हे आधीच ठरवून ठेवता येते. एकाच आकड्यावर विसंबलेल्या रुग्णालयात ४०१ वा रुग्ण दारातच अडतो.

म्हणून सार्वजनिक पैशाने तयार झालेल्या आणि लोकांच्या आरोग्याचे निर्णय ठरवणाऱ्या प्रत्येक मॉडेलसाठी दोन अटी असाव्यात. त्याची आज्ञावली खुली असावी, आणि त्याच्या प्रत्येक आकड्यासोबत कमी-जास्ताची मर्यादा छापलेली असावी. साधने फुकट उपलब्ध आहेत. ती चालवायला सांख्यिकी जाणणारी माणसे आरोग्य विभागात नेमावी लागतील, आणि ते साथ नसताना करायचे काम आहे. पुढची साथ दाराशी आल्यावर ‘कमी-जास्त किती?’ विचारायला सवड मिळणार नाही.