मनोरुग्णाच्या हृदयाची दाद कोण घेणार?

१९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील सरकारी दवाखान्यांसाठी हुकूम काढला. अस्पृश्य रुग्णास इतरांप्रमाणेच समानतेने व आपुलकीने वागवावे, असा त्याचा आशय होता. जात पाहून नाडी पाहणे हा अन्याय होय, हे करवीरने तेव्हाच मान्य केले. परंतु ज्याची नाडी पाहण्याचे कोणास सुचत नाही, असा एक रुग्ण आजही उरला आहे. तो म्हणजे छिन्नमनस्कतेचा, अर्थात् स्किझोफ्रेनियाचा रुग्ण.

हा रोग केवळ मनाचा, हा समज अपुरा आहे. निरोगी हृदय घड्याळासारखे एकाच ठेक्यात चालत नसते. श्वास घेताना ते किंचित् जलद व सोडताना मंद होते. हे नियमन आपल्या इच्छेवाचून चालणारी स्वायत्त चेतासंस्था करते. तीतील व्हेगस हा मज्जातंतू हृदयाचा लगाम होय. या रोगात अनेकांचा तो लगाम सैल पडतो. विश्रांतीतही नाडी जलद राहते व ठोक्यांतील स्वाभाविक चढउतार घटतो. औषध सुरू होण्यापूर्वीही हे आढळले आहे. शिवाय क्लोझापिनने नाडी वाढते. हॅलोपेरिडॉलने क्वचित् ठोक्यांत घातक अनियमितता उद्भवते. म्हणून औषध टाकावे काय? मुळीच नाही! औषधाविना राहणाऱ्यांच्या जिवास अधिक धोका असतो. हवी आहे ती देखरेख.

हे रुग्ण इतरांहून सुमारे १० ते २० वर्षे आधी मरण पावतात, आणि त्यांस नेणाऱ्या रोगांत हृदयविकार प्रमुख आहे. छातीत धडधडते असे रुग्ण सांगतो, तेव्हा 'त्याला भासच होतात' म्हणून ती तक्रार उडवून लावली जाते. माणसाचा शब्दच ग्राह्य न धरणे, ही अस्पृश्यता नव्हे तर काय?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २१ व्या कलमाने मनोरुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने उपचाराचा हक्क दिला आहे. हा हक्क कागदावर राहता कामा नये. कोल्हापूरच्या सी. पी. आर. रुग्णालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत प्रत्येक मनोरुग्णाच्या केसपेपरवर नाडी, रक्तदाब, वजन, साखर व ईसीजी यांची नोंद झालीच पाहिजे. नातलगांनीही ती मागून घ्यावी. ही याचना नव्हे; हा हक्क आहे.