केसपेपरवर 'पडली' असे लिहून मोकळे होणारे दवाखाने

युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या स्त्रियांच्या छळावर जगभर परिषदा भरतात. भरायलाच हव्यात. परंतु पोटासाठी दरवर्षी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या आमच्या मायबहिणींना निर्वासित कोणी म्हणत नाही आणि त्यांच्या अंगावरचे वळ कोणी मोजत नाही.

धाड हे बुलडाणा आणि जालना जिल्ह्यांच्या सीमेवरचे गाव. दिवाळी सरली की या दोन्ही जिल्ह्यांतील भूमिहीन कुटुंबे ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर निघतात. त्यांत दलित, भटके-विमुक्त मोठ्या संख्येने असतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल घेतो नवरा, ती फिटते दोघांच्या कमरेवर. कोपीत नवऱ्याने मारले तर बाईने जावे कुठे? माहेर लांब. ती निघून गेली तर कोयता मोडतो आणि वसुलीला मुकादम तिच्याच दारात उभा राहतो. फडाच्या गावात तिला ओळखणारे कोणी नाही. दारूला दोष देणे सोयीचे आहे, पण न पिणारेही मारतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातही मारतात, हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) मार सोसणाऱ्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के कोणाकडे मदत मागतात. तीही बहुतेक नातेवाइकांकडेच. मात्र हात मोडला, गर्भ पडला, तर दवाखान्यात यावेच लागते. तिथे नवरा किंवा सासू शेजारी उभी. बाई म्हणते, 'पडले.' केसपेपरवर तेच लिहिले जाते. मलमपट्टी होते, गोळ्या मिळतात, आणि कोर्टात उपयोगी पडला असता तो पुरावा तिथेच संपतो.

हे कायद्याला धरून आहे काय? कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू. त्याच्या नियमांप्रमाणे तक्रार नोंदलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानेच नमुना 1 भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि तपासणीची प्रत बाईला फुकट द्यायची. कलम 27 तर स्थलांतरितांसाठीच लिहिल्यासारखे आहे: बाई तात्पुरती राहते त्या ठिकाणच्या कोर्टातही तिला दाद मागता येते. म्हणजे फडावरही आणि गावी परतल्यावरही.

हे अशक्य नाही. मुंबई महापालिकेने 'सेहत' संस्थेच्या साथीने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू केले. जखम पाहून, बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारायला तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना शिकवले गेले. 2015 पासून केंद्राची 'सखी' योजना आली, पण तिची केंद्रे जिल्ह्याच्या गावी. रोजंदारी बुडवून, भाडे खर्चून तिथवर कोण जाणार? बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बाजू मांडली, तेव्हा बाईचे शरीर ही सरकारची जबाबदारी आहे, हाच मुद्दा होता.

सरकारी दवाखान्यात नमुना 1 चे कोरे अर्ज आहेत काय, वर्षभरात किती भरले, किती पुढे पाठवले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. धाड परिसरातील महिला मंडळांनी टोळ्या निघण्याआधी हा अर्ज टाकावा. उत्तर येईल ते आम्हाला कळवावे.