शिडीची मधली पायरी

६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना सुरू होता. जिंकायला २४५ धावा हव्या होत्या आणि भारताची अवस्था होती ४ बाद ३२. अशा वेळी बीडचा सचिन धस कर्णधार उदय सहारनच्या साथीला उभा राहिला. दोघांनी १७१ धावांची भागीदारी केली. सचिन ९६ धावांवर बाद झाला, पण भारताने दोन गडी राखून सामना जिंकला.

अंतिम सामना आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो, हे खरे. पण कठीण प्रश्न त्याच्या पुढचा आहे. भारतीय क्रिकेट मंडळाच्या नियमानुसार खेळाडूला हा विश्वचषक एकदाच खेळता येतो. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी ज्याचे नाव घरोघरी पोचले, त्याला विसाव्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. आणि आता शेजारी असतात ते तिशीतले कसलेले गडी. सचिन पुढे महाराष्ट्राकडून रणजी सामन्यांत उतरला. क्रिकेटमध्ये ही मधली पायरी निदान भक्कम आहे. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार रणजीच्या अकरा जणांतील नवख्यालाही दिवसाला ४० हजार रुपये मिळू लागले.

इतर खेळांचे काय? आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जाई. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, तो पदकासाठी नव्हे. घराला पगार हवा होता. सियाचीन, राजस्थान असे करत तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींत आला आणि तिथून ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ते मिळाले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरीही त्याने गाठली. भरतीच्या दिवशी तो छातीच्या मापात बसला नसता, तर हा धावपटू आपल्याला कळला तरी असता का?

पाटोद्याचा राहुल आवारे पैलवानाच्या घरचा. पण त्यालाही पुण्याच्या तालमीत, हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली घडावे लागले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य आणि मग पोलिस दलात उपअधीक्षकपद, असा त्याचा प्रवास झाला.

तिघांचे खेळ वेगळे, पण एक गोष्ट समान आहे. अठरा ते बावीस या वयात कुणीतरी त्यांच्या पोटाची, सरावाची आणि गुरूची सोय केली. एकाची मंडळाने, दुसऱ्याची सैन्याने, तिसऱ्याची तालमीने. आणि या सोयी जिल्ह्याबाहेर होत्या.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते चांगलेच आहे. पण ती पदक मिळवून आलेल्याची कदर झाली. पदकाच्या आधीची चार वर्षे कोण सांभाळणार? ज्या जिल्ह्यातून दर हंगामात गावेच्या गावे ऊसतोडीला जातात, तिथे अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे कमावता हात. मुलगी असेल तर त्याआधीच लग्नाची बोलणी सुरू होतात. शाळेच्या मैदानावर पहिली आलेली ती पोर पुढे कुठे गेली, याची नोंद कोणत्याच क्रीडा खात्यात नसते.

पदक जिंकून आलेल्यांच्या मिरवणुका आपण हौसेने काढतो. त्या काढाव्यातच. पण प्रत्येक तालुक्यातल्या दहा होतकरू मुलामुलींना चार वर्षे पोटभर जेवण, थोडे विद्यावेतन आणि एक जाणता प्रशिक्षक मिळाला, तर भरतीच्या रांगेत नशीब आजमावण्यावाचून त्यांच्यापुढे आणखी एक वाट असेल. एवढा खर्च आपल्याला जड आहे का?