थेंबांची आशा आणि परीक्षेची शिस्त

शस्त्रक्रियेविना रोग बरा होतो, हे शब्द कानी पडताच कोणत्याही कुटुंबाला हायसे वाटते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पडणाऱ्या छिद्राबाबत, म्हणजेच मॅक्युलर होलबाबत, अशी आशा आता निर्माण झाली आहे. या विकारात समोरच्या माणसाचा चेहराच पुसला जातो. पोथीची ओळ मध्येच तुटते. १९९१ साली केली आणि वेंडेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेने हे छिद्र बुजविता येते, असे दाखवून दिले. मात्र या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरतात आणि पुढे काही दिवस रुग्णाला मान खाली घालून राहावे लागते. वृद्धांना ती शिक्षाच वाटते.

अलीकडे स्टेरॉइडचे, दाहशामक आणि पटलातील द्रव कमी करणारे थेंब एकत्र वापरून काही रुग्णांची छिद्रे मिटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. सूज ओसरली की छिद्राच्या कडा जवळ येतात, हे त्यामागील तत्त्व. परंतु हे यश मुख्यतः लहान, सुजेने वेढलेल्या छिद्रांचे आहे आणि नोंदीही थोड्याच रुग्णांच्या आहेत. काही लहान छिद्रे तर आपोआपच मिटतात.

म्हणून ही आशा घरगुती औषधाच्या वाटेने जाता कामा नये. शेजाऱ्याला लागू पडलेली बाटली आपल्या डोळ्यात घालण्याची सवय आपल्या समाजात जुनीच आहे. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो. त्यातून काचबिंदू झाला तर गेलेली दृष्टी परत येत नाही. छिद्र मोठे असताना थेंबांवर महिने घालविणे हीसुद्धा आत्मवंचनाच होय.

सुश्रुताने ७६ नेत्ररोग वर्णिले आणि त्यांतील साध्य कोणते, असाध्य कोणते हेही सांगितले. त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आधी परीक्षा, मग उपचार ही त्याची शिस्तही अंगीकारावी. ॲलोपॅथी आणि आयुर्वेद या दोहोंच्या शिक्षणाची धुरा वाहणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. ही शिस्त नाशिकने इतरांस शिकवावी.

याच जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची आजी ‘वय झाले’ म्हणून गप्प बसते. नेत्रशिबिरातील कार्यकर्त्याने मोतीबिंदू आणि चष्म्यावर न थांबता तिचा एकेक डोळा झाकून विचारावे, सरळ रेघ वाकडी दिसते का? दिसत असेल तर तिला ओसीटी तपासणीपर्यंत पोहोचवावे. थेंब की शस्त्रक्रिया, हा निर्णय तज्ज्ञांचा. तिला वेळेत तेथवर नेणे हे समाजाचे कर्तव्य आहे.