पेओन, प्यून आणि प्यादे

परकी भाषा शिकू लागणाऱ्याला पहिल्या धड्यातच हॉटेलात खोली कशी मागावी आणि स्टेशनचा रस्ता कसा विचारावा, हे शिकवतात. साठी उलटल्यावर घरबसल्या स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ती खोलीही नको असते आणि ते स्टेशनही. म्हणून मी वेगळी वाट धरली. जो खेळ आपल्याला येतो, त्याचे शब्द आधी शिकायचे. बुद्धिबळाचे जग आटोपशीर आहे. मोहऱ्यांची नावे ६, घरे ६४ आणि क्रियापदे फार तर डझनभर. एवढ्या भांडवलावर माद्रिदच्या किंवा हवानाच्या माणसाशी डाव मांडून तासभर बोलता यावे.

पटावरच्या घराला स्पॅनिशमध्ये 'कासिया' म्हणतात. 'कासा' म्हणजे घर, कासिया म्हणजे छोटेसे घर. छापील अर्जातल्या रकान्यालाही तिकडे कासियाच म्हणतात. जन्मभर बँकेत लोकांनी भरलेले रकाने तपासणाऱ्या मला हा शब्द पाठ करावा लागला नाही. राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, अशा स्थितीला ते 'रेय आओगादो' म्हणतात; म्हणजे गुदमरलेला राजा. एकदा ऐकल्यावर हे विसरणार कसे?

प्याद्याला म्हणतात 'पेओन'. मुळात हा पायदळातला शिपाई; आजच्या व्यवहारात मजूर. त्याचा पोर्तुगीज भाऊ समुद्रमार्गे हिंदुस्थानात आला, इंग्रजांच्या कचेऱ्यांत रुळला आणि आमच्या बँकेत या टेबलावरून त्या टेबलावर खातेवह्या नेणारा 'प्यून' झाला. फारसीतून आलेले प्यादे आणि लॅटिनमधून आलेला पेओन, दोघांच्याही मुळाशी एकच प्राचीन 'पाय' आहे. संस्कृतातल्या 'पद'मध्येही तोच.

उंटाची कथा याहून न्यारी. इंग्रजीतला बिशप डोळ्यांपुढे ठेवून स्पॅनिश शब्द शोधू गेलात, तर फसाल. तिकडे त्याचे नाव 'आल्फिल'. अरबीत अल्-फील म्हणजे हत्ती! चतुरंगातला हत्ती इराण आणि अरबस्तान पार करून स्पेनला पोचला. तिथल्या लोकांनी नाव जपले, अर्थ मात्र विसरले. तिकडचा 'हत्ती' त्यामुळे तिरका चालतो आणि कोपऱ्यात 'तोर्रे', म्हणजे बुरूज, उभा असतो. खेळाचे नाव 'आखेद्रेथ' हेही चतुरंग, शतरंज याच वाटेने गेलेले. 'खाके माते' ऐकून काही उमगत नाही. पण जुन्या स्पॅनिशमध्ये त्या 'ख'चा उच्चार 'श' होता, हे कळले की आपले 'शह' आणि 'मात' समोर उभे राहतात.

आपला वजीर तिकडे 'दामा', म्हणजे बाईसाहेब. राजा दहावा आल्फोन्सो याने करवून घेतलेल्या, १२८३ साली पूर्ण झालेल्या खेळांच्या ग्रंथात हेच मोहरे 'आल्फेर्सा' या नावाने येते. मूळ फारसी शब्दाचा अर्थ राजाचा सल्लागार. तेव्हा ते एकेक घर तिरके सरकत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याला आजची लांब चाल मिळाली. १४९७ साली सालामांकात छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रीतींचे डाव आहेत.

हे सारे सांगितले ते केवळ गंमत म्हणून नाही. रुई लोपेझचा ग्रंथ १५६१ साली निघाला आणि त्याच्या नावाची सुरुवात आज जगभर खेळतात. स्पॅनिश मुले जगाच्या स्पर्धांत उतरतात आणि घरी आल्फिल, पेओन, खाके असेच म्हणतात. त्यांना शब्द सोडावे लागले नाहीत. हा खेळ जिथून निघाला असे मानतात, त्या आपल्या देशात मात्र मुलांच्या तोंडी चेक, बिशप आणि कॅसलिंग आले आहे. किल्लेकोट किती जणांना आठवतो? शह-काटशह तर राजकीय बातम्यांच्या मथळ्यांतच उरले आहेत.

इंग्रजी शब्दांशी माझे वैर नाही. मोठ्या स्पर्धेत ते लागणारच. शह, मात, वजीर हे तरी कुठे मूळचे मराठी? पण ते आले, मराठी प्रत्यय लावून घेतले आणि घरचे झाले. पाहुण्याला बसायला पाट द्यावा, म्हणून घरच्या माणसाला उठवायचे नसते.

आज रविवार आहे. दुपारी नातवंडांसमोर पट मांडा. ती 'चेक' म्हणाली तर रागावू नका, शब्दांवर व्याख्यानही देऊ नका. आपली पाळी आली की आपण स्वच्छ आवाजात 'शह' म्हणावे. डावात हरता हरता ऐकलेला शब्द मुले सहसा विसरत नाहीत.