नाव पुसलं, तर गिटार उरते का?

समजा, उद्या सकाळी उठलात आणि कळलं की फेंडर बंद, गिब्सनलाही टाळं. ना नवी स्ट्रॅटोकास्टर येणार, ना लेस पॉल. मग तुम्ही कुणाची गिटार घ्याल?

हसू नका, हे अगदीच हवेतलं नाही. १ मे २०१८ ला गिब्सननं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केलाच होता. १९०२ मध्ये सुरू झालेली कंपनी आणि डोक्यावर पन्नास कोटी डॉलरच्या घरातलं कर्ज! गंमत म्हणजे तिला गिटारनं बुडवलं नव्हतं. गिटार सोडून हेडफोन-स्पीकरच्या धंद्यात उडी मारली, फिलिप्सचा तो विभाग विकत घेतला आणि पैसा तिथं अडकला. त्याच वर्षाअखेरीस नवे मालक आले, म्हणून निभावलं.

तर हा प्रश्न स्वतःला विचारायला कंपनी बुडायची वाट कशाला बघायची? आजच विचारा. कारण त्याचं उत्तर सापडलं नाही म्हणून आपल्याकडे कितीतरी जण गिटार शिकणंच पुढं ढकलतात. ‘घेईन तर गिब्सनच’ म्हणायचं, दोन लाखांच्या पुढची किंमत बघायची आणि पुन्हा यूट्यूबवर दुसऱ्यांचं वाजवणं ऐकत बसायचं. पैसे साठेपर्यंत नोकरी लागते आणि बोटं मात्र तशीच कोरी राहतात.

नाव इथं, हात तिथं

लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली आणि १९६५ मध्ये ती सीबीएसला १.३ कोटी डॉलरला विकली. नाव नव्या मालकाकडे गेलं. पण फेंडर यांचं डोकं आणि हात? ते पुढं ‘म्युझिक मॅन’मध्ये आणि नंतर ‘जी अँड एल’मध्ये कामाला लागले. म्हणजे खुद्द फेंडर यांनी बनवलेल्या गिटारवर ‘फेंडर’ हे नाव नव्हतं!

गिब्सनचंही तेच. १९८४ मध्ये कंपनीनं मिशिगनमधलं कॅलामाझू हे मूळ गाव सोडलं. तिथल्या काही जुन्या कारागिरांनी गाव सोडलं नाही. त्यांनी १९८५ मध्ये त्याच जुन्या कारखान्यात ‘हेरिटेज’ नावानं गिटार बनवायला सुरुवात केली. इमारत तीच, माणसं तीच, फक्त वरचं नाव वेगळं.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा गवई काय विचारतो? कुणाच्या हातचा आहे? आणि मग जवारी कशी लागलीय ते कान लावून ऐकतो. गिटारच्या दुकानात गेलो की हा शहाणपणा आपण बाहेर चपलांपाशी काढून ठेवतो.

मग घ्यायची कुणाची?

पर्याय भरपूर आहेत. यामाहाची एफजी मालिका १९६६ पासून चालू आहे आणि पहिली अकॉस्टिक म्हणून ती डोळे मिटून सुचवावी अशी. इबानेझवर १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं नक्कल केल्याचा खटला भरला होता. त्याच इबानेझनं पुढं स्वतःच्या डिझाइन काढल्या आणि १९८७ मध्ये स्टीव्ह वायसाठी ‘जेम’ बनवली. कोरियाची कॉर्ट स्वतःच्या नावानं गिटार विकतेच, शिवाय दुसऱ्या मोठ्या नावांच्या गिटारही तिच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात बनतात. कोलकात्याच्या गिवसनच्या नावाला हसणारे हसोत, पण भारतात कितीतरी जणांनी पहिली कॉर्ड तिच्यावरच धरली आहे.

आणि अगदी काहीच नसेल तर? पाचगणीला शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या ‘क्वीन’मध्ये गायचा, त्या बँडच्या ब्रायन मे यानं आपली गिटार वडिलांसोबत घरी बनवली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून! जगभरच्या स्टेजवर वाजली ती तीच.

दुकानात गेल्यावर

लोगोवर हात ठेवा आणि एवढंच बघा :

१. पहिल्या पडद्यावर आणि जिथं नेक बॉडीला मिळते तिथं तार एकाच वेळी दाबा. मधे कागद सरकेल इतकी बारीक फट हवी. मोठी फट दिसली तर नेक वाकलीय.

२. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवा, मग तिथंच हार्मोनिक वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच यायला हवेत.

३. नेकच्या कडेवरून तळहात फिरवा. पडद्यांची टोकं टोचायला नकोत.

४. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. कुठं खरखर येते का ऐका. मग दहा मिनिटं दणकून वाजवा आणि सूर उतरला का ते बघा.

एक जास्तीची गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, अकॉस्टिकचा वरचा भाग फुगतो, तारा वर उचलल्या जातात आणि बोटं दुखतात. तेव्हा गिटारला शिव्या घालू नका, सेटअप करून घ्या. नीट सेटअप केलेली साधी गिटार ही सेटअप न केलेल्या महागड्या गिटारपेक्षा हाताला गोड लागते.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या नावाला किंमत आहे ना राव! आहेच. विकायला गेलात तर चार पैसे जास्त येतात, दर्जाचा थोडाफार भरवसाही असतो. कमावते झालात, मन झालं, तर जरूर घ्या. पण विकताना किती येतील याचा हिशेब आज करताय, तर वाजवायचं कधी?

फेंडर आणि गिब्सन राहतील की जातील, ते त्यांचे मालक बघतील. तुम्ही या रविवारी दुकानात जा, पाच-सहा गिटार हातात घेऊन वाजवून बघा. जी खाली ठेवावीशी वाटणार नाही, ती घरी आणा. तिच्यावर नाव कुणाचं का असेना!