गोठा कोणाचा, उतारा कोणाचा?

शहरांतील गृहस्थाच्या दारीं पहाटे दूध येतें, तेव्हां त्यामागें कोणाचे हात राबले याचा विचार क्वचितच होतो. देशावरील लहान शेतकऱ्याची शेती ही निव्वळ नांगराची नव्हे. ती शेत आणि गोठा यांची जोडशेती आहे. ज्वारीचा कडबा जनावरांस, जनावरांचें शेण शेतास, आणि दुधाचे पैसे घरखर्चास, असा तिचा फेरा आहे. महाराष्ट्रांत सरासरी वहितीचें क्षेत्र 1970-71 सालीं 4.28 हेक्टर होतें. 2015-16 च्या कृषिगणनेंत तें 1.34 हेक्टर भरलें. जमीन अशी आटल्यावर संसाराचा भार गोठ्यावर पडणार हें उघड आहे.

आणि गोठा चालवितो कोण? वैरण आणणें, शेण काढणें, धार काढणें, हीं कामें बहुतेक घरीं बायकाच करतात. सातबाराच्या उताऱ्यावर नांव मात्र पुरुषाचें. कोणी म्हणेल, नवराबायकोंत भेद कसला? भेद कायदाच करतो. पीककर्जास उतारा लागतो. 2019 सालीं सुरू झालेला किसान सन्मान निधीही जमीन ज्याच्या नांवें त्यासच मिळतो. हिंदु वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनें मुलगी वडिलोपार्जित मिळकतींत मुलाप्रमाणेंच जन्मतः हिस्सेदार ठरली, हें उत्तमच झालें. पत्नीची स्थिति निराळी. पति व पुत्र यांच्यांत वांटणी झाल्यास तिला हिस्सा मिळतो. पण ती वांटणी मागण्याचा अधिकार तिला नाहीं. पति वारल्यावर ती वारस होते. म्हणजे जन्मभर शेण काढणारी स्त्री विधवा झाल्याखेरीज कागदावर शेतकरी ठरत नाहीं! याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

मार्ग अज्ञात नाहीं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हां कित्येक शेतकऱ्यांनीं स्वखुषीनें बायकोच्या नांवें जमीन केली, पुढें 1992 सालीं सरकारनेंही पतीच्या संमतीनें पत्नीचें नांव उताऱ्यावर लावण्याची सोय केली. उतारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. पण बँकेच्या दारांत प्रथम तोच पाहिला जातो. म्हणून जी सवलत पतीच्या मर्जीवर आहे, ती पत्नीचा हक्क व्हावी, आणि दूध-संस्थेचें सभासदत्व धार काढणारीच्याच नांवें असावें.

आमच्या व्यापारी वाचकांसही एक विनंति आहे. पेंडीची उधारी ज्या दुधावर फिटते, तें दूध कोण काढतें हें आपण जाणतां. मग आपल्या खतावणींत तरी खातें तिच्या नांवें घालावयास कोणता कायदा आड येतो?